डोहातली शेजारीण

वॉरिन ओढा, टाराबी
१६ सप्टेंबर १९७९

ग्लेन,

तू लिहीत नाहीस तर मीही लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. ते आज मोडलं, कारण बातमी मोठी आहे आणि ती सांगायला घरात कोणी नाही. आपल्या डोहात प्लॅटिपस आलाय. आलाय नव्हे, आलीये. कशावरून ते पुढे सांगते.

सकाळी चहा घेऊन मी ओढ्यावर जाते हे तुला माहीत आहे. तुझे बाबा होते तेव्हा दोघं जायचो, आता एकच कप नेते. आज धुकं होतं. पाण्यावर बुडबुड्यांची रांग दिसली, डोहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेली, आणि मग ही वर. सपाट चोच, अंगाला चिकटलेले केस, आणि गाल असे तट्ट फुगलेले! डोरीनच्या दुकानातून तू जर्दाळू पळवलेस तेव्हा तुझं तोंड अस्संच दिसत होतं, आणि वर तू म्हणत होतास की मी काही घेतलं नाही.

तळाशी असताना ती काही खात नाही. सापडेल ते गालात कोंबते आणि वर येते. मग पाण्यावर ऐसपैस पसरून एकेक काढून चावत बसते. दात नाहीत म्हणे त्यांना, नुसत्या बोळक्यानं रगडतात. म्हणजे माझ्यासारखंच. तोंड रिकामं झालं की पाठ वळवून पुन्हा बुडी.

मी तिला शेजारीण म्हणते. काल संध्याकाळी ती शेपटीखाली ओली पानं दाबून काठातल्या बिळात नेत होती, बाभूळ वाकलीये ना, तिच्या मुळांशी. घर मांडतेय. म्हणून ‘ती’.

तुझी खोली झाडून ठेवलीये. बाबांना जाऊन दोन नाताळ झाले, आणि दोन्ही वेळा मी ते पुडिंग एकटीनं संपवलं. यंदा मला ते पचायचं नाही.

आई


खाण-वस्ती, पिलबरा
७ ऑक्टोबर १९७९

आई,

पत्र लिहीत नाही हे खरं. इथे लिहिण्यासारखं काही घडत नाही. लाल माती, लाल धूळ, लाल बनियन. नळाचं पाणीसुद्धा लाल. तू डोहाचं लिहिलंस ते वाचून मला एकदम इतकी तहान लागली की काय सांगू.

फोन करत जा असं नेहमी म्हणतेस, पण तुमचं टेलिफोन एक्स्चेंज डोरीनच्या दुकानात, ती कान लावून बसलेली असते. मी इकडे खोकलो तर टाराबीभर मला क्षय होईल. त्यापेक्षा पत्र बरं.

शेजारणीबद्दल एक विचारायचं होतं. बाबा म्हणायचे, ते जनावर पाण्यात शिरलं की डोळे मिटतं, कानही मिटतं, नाकपुड्याही. मग गढूळ पाण्यात, खड्यांच्या खाली, झिंग्यासारखी नांगीवाली याबी कुठे आणि अळी कुठे हे तिला कळतं कसं? बाबा म्हणायचे, तिच्या चोचीत बोटं आहेत. मी वायरमन माणूस, मला निराळंच वाटतं. जोराची वीज वाहणाऱ्या केबलजवळ गेलो की, हात न लावता, माझ्या हातावरचे केस उभे राहतात. हलणाऱ्या जिवातही थोडीफार वीज असतेच. तिला ती चोचीनं लागत असेल. वस्तीवरची पोरं मला हसली. तूही हस.

नाताळचं अजून सांगता येत नाही. रजेचं अवघड आहे.

ग्लेन


वॉरिन ओढा
२८ ऑक्टोबर १९७९

ग्लेन,

मी हसले नाही. मी प्रयोग केला.

परवा मटणाचा उरलेला चांगला रसरशीत तुकडा डोहात टाकला. आपल्याला वास येईल, डोळ्यांना दिसेल, असा. बाईसाहेब त्याच्या शेजारून गेल्या, ढुंकून पाहिलं नाही. पण जरा पुढे, नुसते खडे दिसत होते तिथे, चोच अशी डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, मी ओसरी झाडते तशी फिरवली आणि खड्यांखालून झिंगा काढला. जिवंत होता, मिशा हलत होत्या. ती गेल्यावर मी गुडघ्याची पर्वा न करता पाण्यात उतरले आणि दगड उलटून पाहिले. वाळूच्या कणांचं नळीएवढं घर करून राहणाऱ्या अळ्या, गांडुळं, बोटभर याब्या. एवढं सगळं खाली लपलेलं असतं, आणि वरून बघणाऱ्याला डोह रिकामा वाटतो.

मध्यंतरी ती बरेच दिवस दिसलीच नाही. माझा जीव खालीवर. बर्ट कुंपणापलीकडून म्हणाला, ‘‘अहो एनिड, अंड्यांवर बसली असेल, तुम्ही कशाला उपाशी राहताय?’’ खरंच निघालं. बाहेर आली तेव्हा अंग उतरलेलं, आणि खायला सुटली ती सुटलीच. आता दिवस वर आला तरी ती पाण्यातच. बिळात पिल्लं असणार. दूध पाजायचं तर आधी स्वतःचं पोट भरायला हवं, ते मला नको सांगायला.

तुझी वीज मला पटली. पोस्टाची गाडी वळणावर येते तेव्हा तुझं पत्र आहे की नाही हे मला फाटकापर्यंत न जाता कळतं. बहुतेक वेळा नसतं.

रजेचं अवघड आहे हे तू तिसऱ्या वर्षी लिहितोयस. अवघड रजेचं आहे की घराचं? बाबांची खुर्ची हवी तर मी ओसरीवरून काढून ठेवते. पण तू ये.

आई


खाण-वस्ती, पिलबरा
१८ नोव्हेंबर १९७९

आई,

खुर्ची काढू नकोस. तुला कसं कळलं ते तू आणि तुझी शेजारीण जाणे.

रजा मिळाली! मिळाली म्हणजे, मागितल्यावर मिळाली. यापूर्वी मागितलीच नव्हती, आता सांगून टाकतो. डिसेंबरच्या विसाव्या तारखेला संध्याकाळच्या बसनं टाराबीत उतरेन.

एक हट्ट आहे. हॅम-बिम काही नको. मला बाबांच्या जाळ्यातल्या याब्या हव्यात. ते करायचे तशा: पंधरा दिवस आधी जाळं टाकायचं, धरलेल्या याब्या धुण्याच्या टाकीत स्वच्छ पाण्यात ठेवायच्या, पोटातली माती जाऊ द्यायची, आणि नाताळच्या सकाळी खळाळत्या मिठाच्या पाण्यात, लाल होईपर्यंत. टाकीवर ओणवून त्यांच्या नांग्या मोजायचो मी. इथे झोपताना तो खडखड आवाज आठवतो.

गुडघा सांभाळ. जाळं बर्टकाकांना टाकायला सांग.

ग्लेन


वॉरिन ओढा
२ डिसेंबर १९७९

ग्लेन बाळा,

पत्र वाचून मी डोरीनला मिठी मारली. ती अजून सावरलेली नाही.

याब्या मिळतील. बर्ट दहा तारखेला जाळं टाकणार आहे. गोठ्याच्या तुळईवरून त्यानं ते गुंडाळी न सोडताच नेलंय, आमिषाला मेंढीच्या मानेचे तुकडेही तोच बांधेल. तुझ्या मनात येईल की शेजारणीचं काय, तीही याब्यांच्याच मागावर असते. ती काळजी करू नकोस. बाबांनी पाडलेलं भोक आहे ना.

तू लहानपणी त्या भोकावरून त्यांच्यावर किती चिडायचास! अर्ध्या याब्या पळतात, बाबांना साधं जाळं शिवता येत नाही. आणि ते नुसते हसायचे. आता मोठा झालायस म्हणून सांगते. तू शाळेत जायला लागलास त्या वर्षी त्यांनी जाळं ओढलं आणि आत एक प्लॅटिपस निघाला. मेलेला. जाळ्याचं तोंड नरसाळ्यासारखं असतं, आत जाता येतं, बाहेरची वाट सापडत नाही, आणि श्वास घ्यायला तर वर यावंच लागतं. तुझे बाबा दिवसभर जेवले नाहीत. क्विन्सच्या झाडाखाली त्याला पुरलं, तुला कळू दिलं नाही. आणि त्याच दुपारी जाळ्याच्या माथ्यावर वीतभर भोक पाडून त्याची कड शिवून घेतली. याब्या तळाशीच राहतात, फार तर दोन-चार जातात. हे जनावर मात्र श्वासासाठी वरच धडपडणार, त्याला वाट हवी. ‘‘पोराला काय सांगू?’’ मी विचारलं. म्हणाले, ‘‘सांग, बाप आळशी आहे.’’

बिछान्यावर नवी चादर घातलीये. विसावी तारीख काही केल्या जवळ येत नाही.

आई


खाण-वस्ती, पिलबरा
३ डिसेंबर १९७९

आई,

तुझं पत्र यायच्या आतच लिहितोय, कारण एक सांगायचं राहिलं.

जाळ्याच्या भोकाची चिंता करू नकोस. बाबांच्या अंत्यविधीनंतर पाहुणे केक खात बसले होते तेव्हा मी गोठ्यात होतो. सगळीकडे त्यांची अर्धवट कामं: तारेनं बांधलेलं फाटक, एका चाकाची ढकलगाडी, आणि ते जाळं. मला काहीतरी त्यांच्यासाठी करायचं होतं. बसलो आणि भोक शिवून टाकलं, दुहेरी दोऱ्यानं. आता त्यातून चिलट निसटणार नाही. त्यांना दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं.

मी बॅग भरलीसुद्धा. पोरं म्हणतात, शाळेच्या सहलीला निघाल्यासारखा दिसतोस.

ग्लेन


तार
१२ डिसेंबर १९७९

जाळं बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता. भोक मी शिवलंय. ग्लेन


तार
१२ डिसेंबर १९७९

जाळं काढलं. शेजारीण खुशाल. याब्या नाहीत, हॅम आणलंय. ठरल्याप्रमाणे निघ. आई


खाण-वस्ती, पिलबरा
१३ जानेवारी १९८०

आई,

पोचलो. केक बसमध्येच संपला. पुडिंग बांधायचं फडकं चुकून माझ्या बॅगेत आलंय.

पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितोय. रोज सकाळी तू मला डोहावर नेलंस. रोज म्हणालीस, ‘‘अरेरे, आत्ताच गेली, जरा आधी उठायला हवं होतंस.’’ मी उजाडायच्या आधी उठलो तर म्हणालीस, ‘‘आज तिला उशीर दिसतोय.’’ तू इतकं छान सांगत होतीस की तिसऱ्या दिवशी मलाही बुडबुडे दिसल्यासारखं वाटलं. पण दिसले नव्हते, आई. पाणी सपाट होतं.

तू चर्चला गेलीस त्या सकाळी मी क्विन्सच्या झाडाखाली गेलो. जुना उंचवटा शोधायला गेलो होतो, बाबांनी पुरलेल्या प्लॅटिपसचा. तो जवळजवळ जमिनीला लागलाय. त्याच्या शेजारचा मात्र ताजा होता.

मग गोठ्यात जाऊन जाळं सोडवलं आणि माझे टाके उसवले. खाली बाबांचे टाके निघाले. मेण लावलेला दोरा, सगळे टाके सारखे, कोटाच्या खिशाला घालतात तसे. मी जन्मभर समजत होतो की त्या माणसानं एकही काम पुरं केलं नाही. एक केलं होतं, आणि तेवढंच नेमकं मी बुजवलं.

तू खोटी तार केलीस म्हणून मी आलो. खरी केली असतीस तर आलो नसतो, हे तुला माहीत होतं. ते दिवस चांगले गेले, आई. फार चांगले. पण आता मला त्या डोहाकडे बघवत नाही. एवढ्यात येणं व्हायचं नाही. वाट बघू नकोस.

ग्लेन


वॉरिन ओढा
३ फेब्रुवारी १९८०

ग्लेन,

वाट बघू नकोस हे तू मला सांगायचं नाहीस. ती माझी मी बघते.

त्या मातीवर तू दगड ठेवलास तो मी पाहिलाय. गुडघ्यानं दगा दिला म्हणून मी चर्चच्या वाटेवरून अर्ध्यातून परत आले होते, स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. ओढ्यातला गुळगुळीत दगड शोधून आणलास. मी बाहेर आले असते तर तू रडायचा थांबला असतास, म्हणून आले नाही. मग दोघांनी जेवताना हॅम किती छान झालंय यावर तासभर गप्पा मारल्या. काय माणसं आपण!

आता खरं ऐक. अकरा डिसेंबरला सकाळी, तुझ्या तारेच्या आदल्या दिवशी, बर्ट फाटकातून ओरडला, ‘‘तुमच्या वॉलीचं जाळं शेवटी कुणीतरी नीट शिवलं बरं का, एनिड!’’ माझ्या हातातली किटली पडली. गुडघा आहे हेच विसरले. आम्ही दोघांनी जाळं ओढलं. आत खूप याब्या होत्या, आणि ती होती. माथ्याशी. तुझ्या टाक्यांना चोच लावून. गाल भरलेले होते.

याब्या मी सोडून दिल्या. त्या खाल्ल्या नसत्या मी, आणि तुलाही घातल्या नसत्या. नंतर कितीतरी सकाळी त्या बाभळीच्या मुळांशी कान लावून बसले. काही ऐकू आलं नाही. ऐकू आलं असतं तरी माझ्याकडे त्या पिल्लांना द्यायला काय होतं? हे मी कुणाला सांगितलेलं नाही, बर्टलाही नाही.

शिवलंस तू, टाकलं बर्टनं, टाकायला लावलं मी. माझं पोरगं घरी येतंय या आनंदात मी ती गुंडाळी उलगडून पाहिली नाही. वाटे घालत बसलो तर तुझ्या वाट्याला प्रेमच जास्त येईल, त्या दुपारी तू बापासाठी काहीतरी करत होतास. पण मला वाटे घालायचे नाहीत. तुझ्या बाबांनी एक पुरला आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते डोहावर गेले, आणि मरेपर्यंत रोज गेले. मी म्हटलं, ‘‘कशाला जायचं तिथे?’’ तर म्हणाले, ‘‘आपण नाही गेलो तर कोण जाणार?’’

तू मला हवा आहेस, ग्लेन. डोह रिकामा झाला, आता घरही रिकामं ठेवायचं असेल तर ते मला झेपणार नाही.

आई


खाण-वस्ती, पिलबरा
२ मार्च १९८०

आई,

पत्र खिशात घालून हिंडतोय.

एवढंच विचारतो. तू अजून जातेस सकाळी? डोहात काही दिसतं का गं?

ग्लेन


वॉरिन ओढा
२३ मार्च १९८०

ग्लेन,

जाते. आजपर्यंत काही दिसलं नाही, आणि यापुढे तुला खोटं सांगायचं नाही असं मी ठरवलंय, म्हणून उत्तर लिहायला उशीर केला.

पोस्टात बर्ट म्हणत होता, या दिवसांत वरच्या ओढ्यातली प्लॅटिपसची पोरं आयांपासून सुटी होतात आणि आपापला डोह शोधत खाली येतात. मी म्हटलं, ‘‘बर्ट, तू मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस.’’ तर म्हणाला, ‘‘हो, पण खरंही आहे.’’

आज सकाळी धुकं होतं. बाभळीच्या बाजूनं बुडबुडे निघाले. गाळातूनही निघतात तसे, वायूचे, मला माहीत आहे. पण ते एका जागी असतात. हे सरकत होते. डावीकडे, मग उजवीकडे, आणि मध्ये जरा थांबून पुन्हा पुढे, नवख्या माणसाला अनोळखी स्वयंपाकघरात मीठ सापडत नाही तसे.

आता ते पोर वर येणार, एवढ्यात येणार, असं वाटलं आणि मी उठले. बघितलंच नाही. पाठ फिरवून घरी आले. एकटीनं बघून मी काय करू?

क्विन्स पिकलेत, ईस्टरपर्यंत झाडावर टिकतील. बाबांचं जाळं तुळईवर आहे, भोकासकट. मी दुसरा कप धुऊन ठेवलाय.

आई